साहित्य-सिद्धांताला हात कुठून घालावा?

‘समीक्षा-सिद्धांत’ हा पेपर समोर आला की बहुतेकांची एकच गत होते. पंधरा-वीस ‘वाद’, त्यांच्यामागे परदेशी नावांची रांग आणि प्रत्येक नावापुढे दोन ओळींची टीप. परीक्षा होते, टिपा विरून जातात आणि कविता वाचायला घेतली की त्यातलं काहीच हाताशी येत नाही. मग कुणीतरी दिलासा देतं, ‘अहो, थिअरी आता संपलीच आहे.’

हा दिलासाही जुनाच आहे. सिद्धांतच नको, असं म्हणणारा स्टीव्हन नॅप आणि वॉल्टर बेन मायकेल्स यांचा निबंध 1982 सालचा. टेरी ईगल्टन यांनी 2003 मध्ये सिद्धांताचा सुवर्णकाळ सरल्याचं लिहिलं. पण सिद्धांतापूर्वीच्या भाबडेपणात आता परत जाता येणार नाही, हेही त्यांनीच सांगितलं. आज बातम्यांच्या चर्चेत ‘नॅरेटिव्ह सेट करतात’ असं कुणीही सहज म्हणून जातं. ‘कथा कशी, खरी वाटली पाहिजे’ असं म्हणणारा वाचकही एक सिद्धांतच मांडत असतो, फक्त तो तपासून पाहिलेला नसतो. तो तपासायला बसणं, एवढंच इथे करायचं आहे. पुढची वाट मी स्वतः चालले आहे आणि पुढे बऱ्याच जणांसोबत पुन्हा चालले आहे. ज्यांना सिद्धांत पाठ करायचा नसून वापरायचा आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आधी हाताशी काय हवं

- एक छोटी संहिता: आठ-दहा ओळींची कविता, लघुतम कथा किंवा जाहिरात. कादंबरी नको.
- तिची कागदावरची प्रत, रुंद समास सोडून. पडद्यावर वाचताना डोळा घसरत जातो, खुणा राहत नाहीत.
- पेन्सिल आणि वेगळी वही.
- वाङ्मयीन संज्ञांचा एखादा कोश. नसेल तर मराठी विश्वकोशातल्या नोंदी सुरुवातीला पुरतात.
- एकच मूळ निबंध. निबंधावरचं पुस्तक नव्हे, निबंधच.
- जमल्यास वाद घालणारा एक सोबती.

## 1. नावं बाजूला ठेवा, प्रश्न घ्या

सगळ्या ‘वादां’च्या मुळाशी मोजकेच प्रश्न आहेत. सर्वांत मोठा प्रश्न असा, की अर्थ राहतो कुठे? लेखकाच्या मनात, शब्दांच्या रचनेत, वाचकाच्या डोक्यात, की या तिघांना घडवणाऱ्या समाजात?

विम्सॅट आणि बीअर्ड्स्ली या अमेरिकी अभ्यासकांनी 1946 मध्ये बजावलं, की लेखकाचा हेतू हा कवितेचं मोजमाप होऊ शकत नाही. भाषाशास्त्रज्ञ सोस्यूर यांची व्याख्यानं त्यांच्या मृत्यूनंतर 1916 मध्ये पुस्तकरूपात आली. शब्दाला अर्थ मिळतो तो इतर शब्दांपासूनच्या वेगळेपणातून, हे त्यांचं म्हणणं. त्यावर पुढे अख्खा संरचनावाद, म्हणजे अर्थ घटकांच्या परस्परसंबंधांत शोधणारा विचार, उभा राहिला. व्लादिमीर प्रॉप यांनी 1928 मध्ये रशियन परीकथांमधून 31 ‘कार्यं’ वेगळी काढली आणि पात्रं बदलली तरी कथेचा सांगाडा कसा टिकतो ते दाखवलं. जर्मन तत्त्वज्ञ होर्कहायमर यांनी 1937 मध्ये विचारलं, की जगाचं वर्णन करणारा विचार त्या जगातल्या अन्यायापासून स्वतःला अलिप्त कसा ठेवू शकतो? ‘चिकित्सक सिद्धांत’ ही त्यांच्या गटाची, म्हणजे ‘फ्रँकफर्ट स्कूल’ची, ओळख तिथून पक्की झाली.

वहीत डावीकडे प्रश्न लिहा, उजवीकडे नाव. नाव विसरलं तर चालेल, प्रश्न विसरून चालणार नाही.

## 2. एक छोटी संहिता घ्या आणि तिच्यापाशी बसा

मी नेहमी हाल सातवाहनाच्या नावावर असलेल्या ‘गाथासप्तशती’तली एक गाथा घेते. ‘भम धम्मिअ वीसत्थो’ अशी तिची सुरुवात. महाराष्ट्री प्राकृतातल्या या दोन ओळींचा साधा अर्थ असा:

हे धार्मिका, आता निर्धास्त फिर. तो कुत्रा आज मारला गेला. गोदेकाठच्या झाडीत राहणाऱ्या त्या माजलेल्या सिंहाने मारला.

पहिल्या वाचनात कोणताही सिद्धांत काढू नका. फक्त खटकतंय काय ते टिपा. माणूस कुत्र्याला घाबरत होता. कुत्रा मेला म्हणून त्याला ‘निर्धास्त फिर’ म्हटलं जातंय. आणि त्याच दमात, त्याच काठावर सिंह असल्याची बातमी! दिलासा म्हणून दिलेल्या वाक्यात पहिल्याहून मोठी भीती आहे. तो धार्मिक पुन्हा तिकडे फिरकेल?

आणखी एक गोष्ट टिपा, जी नवखे वाचक हटकून सोडून देतात. हे बोलतंय कोण, ते गाथेत कुठेच लिहिलेलं नाही.

## 3. आता एकेक प्रश्न तिच्यावर लावून बघा

ही पायरी सगळ्यांत लांब आहे आणि इथे घाई करू नका.

शब्द एक सांगतात, गाथा दुसरंच सांगते. नवव्या शतकात काव्यशास्त्रकार आनंदवर्धनाने ध्वनीचा, म्हणजे सुचवलेल्या अर्थाचा, सिद्धांत मांडताना हीच गाथा उदाहरणाला घेतली. वाच्यार्थ ‘फिर’ असा आहे, सुचवलेला अर्थ ‘फिरकू नकोस’ असा. परंपरेने पुरवलेला संदर्भ असा, की बोलणारी स्त्री आहे, ती झाडी हे तिचं प्रियकराला भेटण्याचं ठिकाण आहे आणि फुलं-पानं तोडत तिथे घुटमळणारा हा धार्मिक तिला नको आहे. एकाच वाक्यात विधी आणि निषेध दोन्ही, आणि निषेधाचा एकही शब्द नाही.

पण हे कळलं कसं? अकराव्या शतकात महिमभट्टाने आक्षेप घेतला, की यासाठी व्यंजना नावाची, शब्दांची सुचवण्याची वेगळी शक्ती मानायची गरजच नाही, हे साधं अनुमान आहे. भित्रा माणूस, पुढे सिंह, म्हणून तो जाणार नाही, संपलं. मम्मटाने त्याला ‘काव्यप्रकाशा’त उत्तर दिलं आणि ते उत्तर मुळातून वाचण्यासारखं आहे. भित्रा माणूससुद्धा गुरूच्या किंवा धन्याच्या आज्ञेने, किंवा प्रेमापोटी, भयाच्या जागी जातोच की. कुत्र्याला टाळणारा माणूस सिंहासमोर शूर असू शकतो. आणि मुख्य म्हणजे सिंह तिथे आहे हे कुणी पाहिलंय? ते फक्त बोलण्यातून कळतं, आणि बोललेलं खरं असेलच याची हमी नाही. मग खात्रीचं अनुमान निघणार कशातून?

तीन माणसं, एक गाथा, आणि वाद ‘अर्थ कळतो म्हणजे नेमकं काय होतं’ याचा. ज्यांना सिद्धांत म्हणजे विसाव्या शतकातली पॅरिसची आयात वाटते, त्यांनी हा वाद एकदा सावकाश वाचावा.

लेखकाला विचारायचं? इथे सोयच नाही. हाल संकलक मानला जातो. ही गाथा कुणी रचली हे विचारायला जागा उरलेली नाही. तरीही तिचा अर्थ हरवत नाही. आय. ए. रिचर्ड्स यांनी विद्यार्थ्यांना कवींची नावं काढून कविता दिल्या आणि त्यांचे अभिप्राय गोळा केले. ते पुस्तक 1929 मध्ये आलं. नाव नसलं की भले भले वाचक गडबडतात, हे त्यातून दिसलं. हा प्रयोग तुमच्या सोबत्यावर करून बघा. त्याला संदर्भ न सांगता गाथा द्या. काहींना बोलणारा पुरुष वाटतो. काहींना ही सरळ थट्टा वाटते. एखाद्याला खरोखरच काळजी घेणारा शेजारी दिसतो. आता ठरवा, परंपरेचं वाचन कशाच्या बळावर सरस ठरतं?

बोलणाऱ्या बाईचं काय? स्त्रीवादी वाचन इथे हात घालतं. अशा नायिकेला ‘असती’, म्हणजे सती नसलेली, म्हणायची परंपरेत पद्धत आहे. पण गाथेतच पाहिलं तर परिस्थितीवर पूर्ण ताबा तिचा आहे. धर्म, पुरुष असणं, मोकळं फिरणं हे सगळं समोरच्याकडे. तिच्याकडे एक वाक्य. त्या वाक्याने ती त्याला हाकलतेही आणि वर त्याची काळजी घेतल्याचं श्रेयही घेते. मग पुढचा प्रश्न टाळू नका: हा आवाज खरंच एखाद्या स्त्रीचा, की पुरुष कवीने रंगवलेला? उत्तर सापडणार नाही. पण हा प्रश्न एकदा पडला की अशा कितीतरी गाथा वेगळ्या ऐकू येतात.

विरचना (डीकन्स्ट्रक्शन). ‘विरचना म्हणजे मोडतोड’ हा समज आधी सोडा. फ्रेंच तत्त्वज्ञ देरिदा 1967 मध्ये जे करू लागले ते मुख्यतः चिवट, शब्दाला धरून बसणारं वाचन आहे. इथे तो शब्द ‘वीसत्थो’, म्हणजे निर्धास्त. गाथेचा सगळा डोलारा त्याच्यावर आहे आणि गाथा संपेपर्यंत तोच शब्द उलटा झालेला असतो. बाहेरून कुणी तो मोडला नाही. तो वाक्याच्या आतच मोडतो.

पाचही प्रश्न एकाच बैठकीत लावू नका. दिवसाला एक पुरे.

## 4. मग मूळ निबंधाकडे जा, या क्रमाने

सोप्याकडून अवघडाकडे असा हा क्रम आहे, काळानुसार नव्हे. पहिला रशियन समीक्षक श्क्लोव्स्की यांचा 1917 चा निबंध (इंग्रजीत ‘आर्ट ॲज टेक्नीक’). सवयीने बोथट झालेली जाणीव कला पुन्हा जागी करते, हे ते टॉलस्टॉय यांच्या एका कथेतून दाखवतात. त्या कथेत घोडा बोलतो आणि ‘माझं’ हा माणसांचा शब्द त्याला काही केल्या उमगत नाही. भाषांतरातही हा निबंध गोडीने वाचवतो.

त्यानंतर फ्रेंच समीक्षक रोलाँ बार्थ यांचे 1957 च्या ‘मायथॉलॉजीज’ या संग्रहातले छोटे लेख. कुस्ती, साबण, खेळणी यांवर ते लिहितात आणि रोजच्या वस्तू विचारसरणी कशी वाहतात ते उलगडतात. संग्रहाच्या शेवटचा लांबलचक सैद्धांतिक भाग पहिल्या खेपेला सोडून दिलात तरी चालेल.

एडवर्ड सईद यांच्या 1978 च्या ‘ओरिएंटलिझम’ या ग्रंथाची फक्त प्रस्तावना आधी वाचा. ‘पूर्वेकडचा माणूस’ ही प्रतिमा अभ्यास, कादंबऱ्या आणि कारभार यांनी मिळून कशी उभी केली, हा त्याचा गाभा. त्याला जोडून गौरी विश्वनाथन यांचं 1989 चं ‘मास्क्स ऑफ काँक्वेस्ट’ वाचा. इंग्रजी साहित्य हा शिकवायचा विषय म्हणून इंग्लंडच्याही आधी वसाहतीतल्या भारतात आकाराला आला, हे त्यांनी दाखवलं. इंग्रजी शिकलेल्या कुणालाही ते वाचल्यावर स्वतःच्या शिक्षणाकडे वेगळं बघावं लागतं. गायत्री चक्रवर्ती स्पिव्हाक यांचा 1988 चा ‘कॅन द सबॉल्टर्न स्पीक?’ हा निबंध मात्र राखून ठेवा. तो अवघड आहे, आणि त्याआधीचं बरंच काही ठाऊक असल्याशिवाय तो उगाचच दुर्बोध वाटतो.

मराठीतला वाद या यादीत हवाच, आणि तो फार पुढे ढकलू नये असं माझं मत आहे. शरद पाटील यांनी 1988 मध्ये अब्राह्मणी सौंदर्यशास्त्राची मांडणी केली. शरणकुमार लिंबाळे यांचं दलित साहित्याच्या सौंदर्यशास्त्रावरचं पुस्तक 1996 चं. लिंबाळे यांचा प्रश्न थेट आहे. आनंद हे साहित्याचं माप मानलं, तर अपमान आणि वेदना सांगणाऱ्या लेखनाला ते माप कसं लावणार? करुण रसातूनही आनंदच मिळतो, असं रससिद्धांत सांगतो. पण तो मिळतो कुणाला? ज्याच्यावर ते गुदरलं त्याला, की लांब बसून वाचणाऱ्याला? लिंबाळे स्वातंत्र्य, समता, न्याय, बंधुता ही मापं पुढे करतात. तुम्हाला पटो न पटो, आपण ज्या पट्टीने मोजतो ती पट्टी कुणी बनवली हा प्रश्न इथे इतका उघडा पडतो, की तोच प्रश्न परदेशी निबंधात ओळखणं नंतर सोपं जातं.

निबंध वाचताना एक गोष्ट शोधा: हा माणूस कुणाशी भांडतोय? प्रतिपक्ष सापडला की निम्मा निबंध उलगडला. न सापडल्यास पहिला आणि शेवटचा परिच्छेद पुन्हा वाचा.

## 5. नेहमीचे सापळे

संज्ञांची आरास. ‘प्रस्तुत कवितेत सत्तासंबंधांचे विमर्शात्मक अवकाश निर्माण होते’ असं वाक्य हातून उतरलं, तर सगळ्या संज्ञा खोडा आणि तेच घरच्या भाषेत लिहा. काही उरलं तर संज्ञा परत घाला. नाही उरलं तर वाक्यच काढा.

भाषांतरांचा घोळ. एकाच कल्पनेला दोन मराठी पुस्तकांत दोन प्रतिशब्द असतात. कुठे विरचना, कुठे विखंडन. वहीत दोन्ही शेजारीशेजारी लिहून ठेवा.

‘लेखकाचा मृत्यू’. बार्थ यांच्या 1967 च्या या नावाच्या निबंधाचा अर्थ ‘वाट्टेल तो अर्थ काढा’ असा होत नाही. लेखकाच्या चरित्रात अर्थाचं अखेरचं उत्तर शोधू नका, एवढंच त्यात आहे. संहितेतल्या शब्दांचा धाक कायम राहतो. गाथेत सिंह आहे. तुम्हाला तिथे वाघ वाचायचा परवाना मिळालेला नाही.

सोकल प्रकरण. 1996 मध्ये भौतिकशास्त्रज्ञ ॲलन सोकल यांनी मुद्दाम रचलेला निरर्थक लेख एका सांस्कृतिक अभ्यासाच्या नियतकालिकात छापून आणला आणि मग तो बनाव उघड केला. ‘बघा, सगळी थिअरी थोतांड’ म्हणून हा दाखला तुमच्या तोंडावर फेकला जाईल. संपादकांचं पितळ त्यातून उघडं पडलं आणि विज्ञानाच्या संज्ञा उसन्या आणून मिरवण्याच्या सवयीचंही. मम्मटाचा मुद्दा त्यातून खोटा ठरत नाही.

संशयाचा नाद. हा सर्वांत चिवट सापळा आहे, कारण त्यात मजा येते. मार्क्स, नीत्शे, फ्रॉइड यांना फ्रेंच तत्त्वज्ञ रिकर यांनी संशयाचे गुरू म्हटलं. ती दीक्षा घेतली की प्रत्येक कवितेच्या पोटात सत्ता, वासना नाहीतर पैसा दिसू लागतो. कविता वाचण्याआधीच निकाल तयार! विज्ञानाचे समाजशास्त्रीय अभ्यासक ब्रूनो लातूर यांनी 2004 मध्ये धोक्याची घंटा वाजवली: वैज्ञानिक सत्य हे घडवलेलं असतं, हे आपलंच हत्यार हवामानबदल नाकारणारे उचलू लागले आहेत. समीक्षक रिटा फेल्स्की यांनी 2015 मध्ये विचारलं, की एखादी कादंबरी माणसाला धरून ठेवते, हलवते, त्याविषयी समीक्षेकडे काही बोलायला आहे का? मी इतकंच करते, की संशय घेण्याआधी संहितेला एकदा मनापासून दाद देते. गाथेची गंमत ज्याला वाटली नाही, त्याचं स्त्रीवादी वाचनही कोरडं निघतं.

## 6. आता पुस्तकाबाहेर या

इथवर आलात की रोजचा मजकूर समोर घ्या. पहिला नमुना बातमीचा: ‘जमावावर लाठीमार करण्यात आला. यात अनेक जण जखमी झाले.’ पेन्सिलीने ‘करण्यात आला’खाली रेघ मारा. कुणी केला? क्रियापदाच्या रचनेनेच कर्ता गायब केला आहे. ‘जमाव’ हा शब्दही बघा; तिथे ‘आंदोलक’, ‘नागरिक’ किंवा ‘विद्यार्थी’ घालून वाक्य मोठ्याने वाचा. घटना तीच, पण दर वेळी वाचक वेगळ्या बाजूला उभा राहतो. बातमीदाराने हे मुद्दाम केलं असं सिद्ध होत नाही, आणि तसा आरोप लगेच करूही नका. छापाची सवयच पक्षपात कशी करते, एवढं इथे दिसतं.

दुसरा नमुना फोनवर आलेल्या निरोपाचा. ‘घाबरू नका, फक्त सावध राहा’ अशी सुरुवात आणि खाली कसलीतरी भयंकर हकिगत. गोदेकाठच्या सिंहाचीच ही जात आहे: दिलाशाच्या वेशातली भीती. मम्मटाचा प्रश्न जसाच्या तसा लावा. हे कुणी पाहिलंय, की फक्त सांगितलंय? आणि मी तिकडे जायचं थांबलो तर फायदा कुणाचा?

तिसरा नमुना यंत्राने लिहिलेल्या मजकुराचा. इथे लेखकाचा हेतू शोधायला लेखकच नाही. संहिता म्हणजे असंख्य उद्धरणांचं विणकाम, हे बार्थ यांचं म्हणणं तेव्हा अतिशयोक्तीचं वाटायचं. आता ते जवळजवळ शब्दशः खरं झालंय. अशा वेळी मला बार्थ यांच्यापेक्षा फ्रेंच विचारवंत फूको जास्त उपयोगी वाटतात. 1969 च्या व्याख्यानात त्यांनी विचारलं, की लेखकाचं नाव समाजात नेमकं काय काम करतं? मजकुराची मालकी कुणाची, शिक्षा कुणाला, कुणाच्या शब्दाला किती वजन, हे सगळं त्या नावावर चालतं. ते नावच नसेल तर चुकीच्या मजकुराचा जाब कुणाला विचारायचा? हा प्रश्न यंत्र बनवणाऱ्यांना, वापरणाऱ्यांना आणि छापणाऱ्यांना वेगवेगळा विचारून बघा.

## 7. एक पान लिहा

वाचलेलं लिहिल्याशिवाय टिकत नाही. आकार ठरवून घ्या: एक पान, एक संहिता, एक प्रश्न. संहितेतले तीन पुरावे शब्दशः द्या. सिद्धांतकाराचं नाव एकदाच, तेही गरज असेल तर.

पानाच्या तळाशी एक परिच्छेद राखून ठेवा आणि तुमच्या वाचनात न बसणारी संहितेतली एक गोष्ट तिथे लिहा. माझ्या गाथेच्या पानावर तिथे ‘माजलेला’ हे सिंहाचं विशेषण आहे. घाबरवायला नुसता ‘सिंह’ पुरेसा होता, मग हे विशेषण कशाला? प्रियकराकडे इशारा? की नुसतं वृत्त भरायला? अजून ठरत नाही. तुमच्या पानावरची ती जागा रिकामी राहिली, तर पान सोबत्याला देण्याआधी संहिता आणखी एकदा वाचा.